सुक्या बर्फाची पेटी

मुंबई, १० नोव्हेंबर १९८६

चि. मथुरास,
अ. आ. आणि वेणीला एक हिसका.

मी इथे खुशाल. प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुऊन हात एवढे गोरे झालेत की माई ओळखणार नाही. नोकरी कायम होणार की मसुऱ्याची एस.टी. पकडायची, ते पुढच्या महिन्यात सामंत मॅडमच्या शिफारशीवर ठरणार. त्यामुळे मी सध्या फार शहाणा आहे. म्हणजे आजपर्यंत होतो.

एस.टी.च्या महादू ड्रायव्हरबरोबर थर्माकोलची पांढरी पेटी पाठवतोय. तीतून मॅडमचं किट परदेशाहून आलं. किट म्हणजे मसाल्याचा डबा समज. सगळं मापात भरलेलं, सोबत कृतीचा कागद, मॅडमनी फक्त फोडणी द्यायची. आठ महिने वाट बघत होत्या बिचाऱ्या. आतला खोका त्यांनी फ्रीजरात ठेवला आणि पेटी टाकून ये म्हणाल्या. असली पेटी कोण टाकतं? बाबा आचऱ्याहून बांगडे आणतात ते घरी पोचेपर्यंत मान टाकतात. त्यांना होईल.

आता तुझं काम. पेटीत सुका बर्फ आहे. हाताने धरू नको, चटका बसतो, चिमटा घे. नवी वस्तू घरात घेण्याआधी भाईकाका खळ्यात देवाला गाऱ्हाणं घालणारच. तेव्हा दोन खडे गरम पाण्याच्या लोट्यात टाक, लोटा वृंदावनामागे ठेव आणि बघत राहा. ‘बाळो म्हयन्याभरात परत येतलो’ म्हणून काका गावभर सांगत होते ना, त्याची ही परतफेड.

माई-बाबांना नमस्कार. मायेत पाणी घालू नको, लोट्यात घाल.
तुझा,
बाळा


मसुरे, ११ नोव्हेंबर १९८६

ती. बाळादादास,
सा. न. वि. वि.

तुझं काम झालं. जरा जास्तच झालं.

भाईकाका नारळ धरून रंगात आले होते. लेकरान मुंबैसून वस्तू धाडल्यान हा, ती मान्य करून घे, असं देवाला सांगत होते नि आम्ही ‘व्हय महाराजा’ म्हणत होतो. तेवढ्यात धूर निघाला. मेला वर जाईना, जमिनीवरून सरपटत पेटीला वळसा घालून थेट काकांच्या पायांत गेला. मला वाटलं काका पळणार. पळाली शेजारची तुळसाकाकी. काकांनी उलट आवाज दुप्पट चढवला.

शेवटी त्यांनी सांगितलं की जागेचा राखणदार देव पेटीजवळ आला आहे, सोमवारी त्याला नारळ देईपर्यंत झाकणाला कोणी हात लावायचा नाही. वर फडकंही बांधलं. संध्याकाळपर्यंत अर्धी वाडी बघून गेली. तुळसाकाकी परत आली ती फूल घेऊन, तिची म्हैस दूध देत नाही म्हणून. बाबा विचारतायत, मग बांगडे कशातून आणू?

महादू आज रात्री उलट निघतोय, त्याच्याकडेच हे देते. आशीर्वाद पाठव, खडे नको.
तुझी,
मथुरा


मुंबई, १२ नोव्हेंबर १९८६

चि. मथुरास,
अ. आ.

सकाळी तुझं पत्र वाचून पोट धरून हसलो. दुपारी मॅडमनी किट उघडलं आणि हसणं संपलं.

खोक्यात सगळं आहे, एंझाइमच्या कुप्यांचं पाकीट तेवढं नाही. डीएनए म्हणून एक बारीक दोरा असतो, एंझाइम म्हणजे त्याची कात्री. कात्रीच नाही तर बाकीच्याचं काय करायचं? कागदावर लिहिलंय की ते पाकीट वेगळं, बर्फाच्या अगदी तळाला ठेवलंय. तळ कुठे आहे ते तुला माहीत आहे.

मॅडम ओरडल्या नाहीत. पेटी कुठे टाकलीस एवढंच विचारलं. मी शोधतो म्हणालो. ऊब लागली की एंझाइम मेलं. पुन्हा मागवायचं तर आणखी आठ महिने, आणि मॅडमचं तीन वर्षांचं काम त्यावर अडलंय. माझी नोकरी तर गेल्यातच जमा.

हे पत्र आज रात्रीच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देतोय, सोमवारची वाट बघू नको. भाईकाकांना सगळं खरं सांग. मला मारायचं तर खुशाल मारू देत, पण झाकण उघडू देत. पाकीट बर्फात आणि मिठात ठेव.

आज चेष्टा सुचत नाही. माया असेल तर धाव.
बाळा


मसुरे, १३ नोव्हेंबर १९८६

ती. बाळादादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुला भाईकाकांच्या हातून मिळेल. दचकू नको.

लोटा घेऊन त्यांच्याकडे गेले नि सगळं सांगितलं. त्यांनी हातातली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाले, ‘धूर तुमचो, पण गाऱ्हाणां माझा. ता मी खोटा पडूक देवचंय नाय.’ तसेच उठून खळ्यात आले नि दुसरं गाऱ्हाणं घातलं, की वस्तू पाहुणी म्हणून आली होती, आता तिला सुखरूप परत पोचती कर. मग स्वतः फडकं सोडलं. सुपारीएवढे चार खडे उरले होते, त्यांच्याखाली पाकीट, थंडगार. बाबांनी मासळीच्या टेम्पोतून बर्फ मागून आणला, माईने जाडं मीठ घातलं.

पाहुण्याला एकटं कसं धाडायचं, म्हणून काका स्वतःच निघालेत. रागावलेत का ते कळत नाही. जपून राहा.
तुझी,
मथुरा


मुंबई, १७ नोव्हेंबर १९८६

चि. मथुरास,
अ. आ. आणि या वेळी वेणी सोडून दिली.

काका रात्रभर गाडीत पेटी मांडीवर घेऊन बसले होते, चहालासुद्धा उतरले नाहीत. प्रयोगशाळेत आले ते धोतर नि टोपीत. मॅडमनी हात पुढे केला तर पेटी देईनात. आधी गाऱ्हाणं, मग पेटी. सगळे शिकलेले लोक गोळा झाले. मला जमिनीत जावंसं वाटलं. पण पहिलं ‘व्हय महाराजा’ आलं ते मॅडमकडून. आपल्याकडच्याच, कसालच्या निघाल्या.

एंझाइम जिवंत आहे की मेलं, ते आज कळायचं होतं. कात्री लावलेला दोरा मॅडमनी जेलीच्या चकतीत सोडला होता, तिच्याखाली जांभळा दिवा लावला. दोरा तुटला नसता तर वर एकच पट्टा दिसला असता. खाली पायऱ्यांसारखे नीट वेगळे पट्टे दिसले, म्हणजे कात्री जिवंत. मॅडम खुर्चीत बसल्या आणि मला दार लावायला सांगितलं.

मी सगळं सांगून टाकलं, बांगड्यांसकट. त्या म्हणाल्या, मी सांगितल्याप्रमाणे तू पेटी टाकली असतीस, तर पाकीट त्याच दिवशी कचऱ्याच्या गाडीतून गेलं असतं. म्हणून शिफारस करतेय. पण यापुढे सांगितलेलं काम केलं नाहीस, तर नोकरी गेली समज.

भाईकाका आठ दिवस माझ्या खोलीवर राहणार म्हणतात. माईला नोकरी कायम होणार म्हणून सांग, बाबांना पेटी येतेय सांग. तुझा लोभ असाच राहू दे, आणि जमलं तर एक कळव. सांगितलेलं करायचं की नाही करायचं, ते मला अजून नीट समजलेलं नाही.
तुझा,
बाळा