हळू बोलायचा सराव

कसबा बावडा, सोमवार, दिवेलागण

उद्या कोर्टात पहिलीच तारीख. वकीलबाई म्हणाल्या, "मावशी, साहेबांसमोर हळू बोला. तुमचं साधं बोलणंबी भांडल्यागत वाटतंय." आता ह्या वयात हळू बोलायला कुठं शिकू?

गटारीच्या पाण्यावरनं शेजारच्या शालनला मी ढकललं, अशी केस हाय. वरडले, ते खरं. ढकललं न्हाई. रोज चहाला यायची ती. आता भिंतीपलीकडनं तिचा टीव्ही तेवढा ऐकू येतोय.

मगाशी भिंतीकडं तोंड करून म्हणून बघितलं, "साहेब, मी ढकललं न्हाई." मोठ्यानं झालं. परत म्हटलं, जरा हळू. बरोबर झालं का, सांगणार कोण? घरात कोण हाय?

तेवढ्यात पलीकडचा टीव्ही बंद झाला.

मग आणखी एकदा म्हटलं. साहेबांच्या जागी शालनचं नाव घेतलं.