बरोबरी घेणार नाही

११ जानेवारी
हंगाम सुरू. आजपासून मी प्रोफेशनल पत्तेवाला. ताईला सांगितलं, तर म्हणाली, जुगार का? समजावलं की हे वेगळे पत्ते, राक्षस-जादूगारांचे. साठ पत्त्यांचा डेक आपण बांधायचा आणि समोरच्याचा जीव वीसवरून शून्यावर आणायचा. म्हणाली, मग जुगारच बरा.
चार स्पर्धा आहेत. दोनदा पहिल्या आठात आलो की फायनल. नाही आलो तर ताईची अडगळीची खोली सोडून भावजींच्या बाथरूम-फिटिंगच्या दुकानात उभं राहायचं, असं ठरलंय. म्हणजे त्या दोघांनी ठरवलंय.
संकल्प: रोज चार तास सराव. आजचा उद्या करीन.

१२ जानेवारी
सराव नाही. पत्त्यांना नवी प्लॅस्टिकची कव्हरं घालायची होती. काळी की हिरवी, यात दुपार गेली.

१ फेब्रुवारी
पहिली स्पर्धा. नुसती किळस. हॉलमध्ये दोनशे माणसं आणि खिडकी एक, तीही ऑइलपेंटने चिकटलेली. समोरच्याचा डेक कापायचा अशी पद्धत आहे. माझा पहिला प्रतिस्पर्धी वेफर्स खायचा, बोटं चाटायचा आणि त्याच बोटांनी माझा डेक कापायचा. लक्ष लागेल कसं? हरलो. दुसरा दर चालीआधी नाक ओढायचा. हरलो. तिसरा स्वच्छ होता. त्याच्याशीही हरलो, पण तोवर मूड गेला होता.
चष्म्याही खेळतो. हा माझा मित्र, गणिताच्या शिकवण्या घेतो. म्हणाला, ताकद देणारे पत्ते चोवीस तरी हवेत, तू एकोणीस घातलेत, बाकीचे राक्षस हलणार कशावर? चष्म्या पुस्तकी आहे. मला राक्षस आवडतात.

८ मार्च
आठात! सातवा आलो. एका प्रतिस्पर्ध्याला उलट्या झाल्या आणि एक झोपूनच राहिला, त्यामुळे दोन फेऱ्या आपोआप मिळाल्या. चष्म्या म्हणतो, नशीब. हजर राहणं हेही एक स्किल आहे, हे त्याला कोण सांगणार.
शेवटच्या फेरीत एक घाणेरडा प्रकार पाहिला. दोघं बसले, कागदावर हिशोब केला, पत्ता न उचलता हात मिळवला आणि बरोबरी घेतली. अर्धे अर्धे गुण, दोघंही आठात. पंचांना विचारलं, तर म्हणे नियमात बसतं, सगळेच करतात. खेळायला येतात की सोयरीक जमवायला? आपण मेलो तरी असलं करणार नाही. इथे लिहून ठेवतो.

५ एप्रिल
तिसरी स्पर्धा. बस लवकर पोचली. स्टँडमागे जुन्या रेडिओंचा बाजार होता. अर्धाच तास बघायचं ठरवलं होतं. हॉलवर गेलो तेव्हा दोन फेऱ्या उरकल्या होत्या आणि यादीतलं माझं नाव उडवलेलं. पंचांनी नुसतं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. ही काय वागायची पद्धत?
रेडिओ मात्र देखणा मिळाला. वाजत नाही.

२० एप्रिल
ताई टेप घेऊन आली आणि माझ्या खोलीचं माप घेऊन गेली. विचारलं, तर म्हणाली, सहज. भावजींनी दुकानाचा शर्ट आणून माझ्याच खुंटीला अडकवला. खिशावर नळाचं चित्र, नळाला थेंब.
उद्यापासून सहा तास.

१० मे, संध्याकाळी सहा
चौथी आणि शेवटची. सगळं शांतपणे लिहितो.
सात फेऱ्यांनंतर मी सातवा होतो. खरंच खेळून. आठव्या, शेवटच्या फेरीत समोर दातांच्या डॉक्टरीणबाई, सहाव्या. चष्म्या धापा टाकत आला आणि कानात म्हणाला, बरोबरी घे, दोघंही आत जाता, तुझी फायनल पक्की. हरलास तर बाहेर.
बाईंनीच हात पुढे केला. म्हणाल्या, "बरोबरी घेऊ या का? दोघंही जाऊ."
मी म्हटलं, "मी खेळायला आलोय."
बाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग माझ्या डेककडे. चष्म्याने कपाळावर हात मारला तो पलीकडच्या टेबलालाही ऐकू गेला.
ताकदीचे दोन पत्ते आले. बाकीचे सतरा तळाशी दडी मारून बसले. हातात राक्षसच राक्षस, एकही हलेना. तीनपैकी पहिले दोन्ही डाव गेले, मिळून अकरा मिनिटं.
नववा.
बाई आठात दुसऱ्यांदा आल्या. त्या फायनलला.

११ मे
नैतिकदृष्ट्या मीच जिंकलो. हे चष्म्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, शिकवणीची मुलं आलीत.
ताई म्हणाली, शर्ट इस्त्री करून ठेवलाय.

७ जून, दुपार
दुकान. गिऱ्हाईक नाही. मांडणीतल्या कमोडवर बसून मोबाईलवर फायनल बघत होतो. भावजी मागे येऊन उभे राहिले, म्हणाले, आवाज वाढव जरा.
बाई पहिल्याच फेरीत हरल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग निवेदकाने त्यांना विचारलं, हंगामात सगळ्यात जास्त भीती कधी वाटली?
बाई म्हणाल्या, "एका मुलाने बरोबरी नाकारली होती. मी टरकले. म्हटलं, नक्कीच याच्याकडे काहीतरी जबरदस्त प्लॅन असणार."
निवेदकाने विचारलं, "मग? काय होता?"
"काही नव्हता हो."
सगळा हॉल हसला. भावजी तर पोट धरून हसले. डोळे पुसत म्हणाले, "असा कोण मूर्ख असतो रे?"
म्हटलं, "असतात."