बाबांच्या पडद्यावरचे चौकोन

प्रिय चिगुसाताई,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून सोडून देतेस, म्हणून शेवटी पोस्टाचं तिकीट लावतोय. पाकीट न उघडता फेकू नकोस, एवढीच विनंती. इथे आपल्या हिमी गावात बर्फ पडायला लागलाय, बुरी मासा मात्र यंदा रुसलाय. मासळीबाजारातली मंडळी अजून बाबांची चौकशी करतात. लिलाव पुकारताना त्यांचा आवाज धक्क्याच्या पार टोकाला जायचा, आता तिथे भोंगे लावलेत. आई म्हणते, "ह्यांच्या एका घशाच्या जागी दोन भोंगे लागले हो!" आणि हसते. तिला अजून हसायला जमतं, मला नाही.

बाबांचा जुना लॅपटॉप बंद पडला. तोच, ज्यावर त्यांचा बोलायचा प्रोग्राम होता. तू गेलीस तेव्हा त्यांचा अंगठा तरी हलत होता, अंग लुळं पाडत जाणाऱ्या या आजारात आता फक्त गाल हलतो. बटण गालाला चिकटवलंय. पडद्यावर आपली वर्णमाला मांडलेली असते, पिवळी पट्टी ओळीओळीने सरकते. हव्या ओळीवर आली की बाबा गाल दाबतात, मग ती त्या ओळीतल्या अक्षरांवरून सरकते, पुन्हा गाल. एका वाक्याला चहा गार होतो. कुणा स्वयंसेवकाने तो प्रोग्राम फार पूर्वी विंडोजसाठी लिहिलेला. माझ्याकडे लिनक्सचा कॉम्प्युटर पडून होता, आणि विंडोजचे प्रोग्राम त्यावर चालवून घ्यायची सोयही असते. घरातला कॉम्प्युटरवाला मीच. मोठ्या तोऱ्यात म्हटलं, संध्याकाळपर्यंत करून देतो.

चालू झालं. पट्टी सरकली, बटण लागलं. फक्त अक्षरं नव्हती. प्रत्येक अक्षराच्या जागी एकेक रिकामा चौकोन. आई ॲप्रनला हात पुसत आली आणि म्हणाली, "बोलायचं यंत्र आणणार होतास ना? हे तर टोफूच्या पांढऱ्या चौकोनी वड्यांचं दुकान मांडलंस." बाबांच्या डोळ्यांत हसू आलं. मग त्यांनी गाल दाबायला सुरुवात केली. वर्णमालेचा क्रम पाठ असल्यामुळे कुठल्या चौकोनात कुठलं अक्षर हे त्यांना न बघता ठाऊक. खाली तीन-चार चौकोन उमटले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला काहीच कळलं नाही. "थोडं थांबा बाबा, नीट करतो," म्हटलं. त्यांनी ते पुसलं आणि पुन्हा तेवढंच लिहिलं.

एरवी मी म्हटलं असतं, होईल सावकाश. पण श्वास फार कमी झालाय, महिनाअखेरीपर्यंत ठरवा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. गळ्याला भोक पाडून श्वासाचं मशीन लावायचं की नाही. एकदा लावलं की काढत नाहीत, आणि नाही लावलं तर बाबा हा हिवाळा काढणार नाहीत. तू इथे होतीस तेव्हाच त्यांनी डॉक्टरांना "नको" कळवून टाकलं होतं, आणि त्यावरून तुमचं जे झालं ते झालं. तू ओरडलीस, "जगायचंच नसेल तर मला मुलगी म्हणू नका!" त्यांनी पडद्यावर लिहिलं, "तुझ्या ओरडण्याने मासे विकले जातील, बाप जगणार नाही." तू मिळेल त्या गाडीने फुकुओकाला निघून गेलीस. ते "नको" अजूनही बदलता येतं, फक्त बाबांनी स्वतः सांगायला हवं. सांगणार कशाने? एरवी ते डोळे मिटून हो म्हणतात. पण "मशीन हवं का?" विचारलं की नुसते टक लावून बघत राहतात.

मी रजा टाकून बसलो. प्रोग्राम एक जुना फॉन्ट मागत होता आणि तो या कॉम्प्युटरवर नव्हता. दुसरे जपानी फॉन्ट आणून टाकले, चौकोन तसेच. भाषेची सेटिंग बदलली, तर चौकोनांच्या जागी मुंग्या फिराव्यात तशी भलतीच चिन्हं. परत फिरवली, परत चौकोन. जुन्या फॉन्टच्या नावावर नवा फॉन्ट लावून दिला, तरी ढिम्म. एकेक फॉन्ट काढून-घालून बघण्यात एक अख्खा दिवस घालवला. शेवटी रविवारी डोक्यात प्रकाश पडला. प्रोग्राम त्या फॉन्टला त्याच्या जपानी नावाने बोलावत होता आणि मी इंग्रजी नाव लिहून बसलो होतो. ते बदललं, प्रोग्राम पुन्हा उघडला, आणि अख्खी वर्णमाला समोर आली. मी आनंदाने ओरडलोच. आई मात्र स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

बाबांनी गाल दाबायला घेतला. इतके दिवस लिहीत होते तेच, तेवढंच. "राहू का?"

ताई, तूच सांग. हो म्हणायचं, तर मशीन लागणार आणि रात्रंदिवस उठून गळ्यातला कफ काढायचा. तो काढणार आई, जिची कंबर आताच गेली आहे. मी कामावर जाणार. आणि नको कसं म्हणू? मी म्हटलं, "बाबा, ते तुम्हीच ठरवायचं." जेवायला काय करू असं त्यांनी विचारल्यासारखं. त्यांनी डोळे मिटले, पण ते हो म्हणून नव्हे.

आई तांदूळ धूत होती. तिला सांगितलं तर म्हणाली, "ठाऊक आहे मला. पहिल्या दिवसापासून." पट्टी कुठे थांबते ते बघितलं की झालं, वर्णमाला तिलाही पाठ आहेच की. मला हे सुचलंच नाही. मी चिडून विचारलं, "मग बोलली का नाहीस?" तर म्हणते, "कळलं म्हटलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं. राहा म्हटलं, तर माझे हाल बघत पडून राहतील आणि आतून कुढतील. जा म्हणायला माझी जीभ रेटेल का? चौकोन होते तोवर बरं होतं रे." पाणी केव्हाच नितळ झालं होतं, तरी ती तांदूळ धूतच राहिली. मला तिचा राग आला, आणि मग रागही टिकेना.

म्हणून हे पत्र. तुमचं भांडण मिटवायला नाही, ते तुमचं तुम्ही बघा. पण या घरात "राहा" असं फक्त तू म्हणालीस, तेही भांडून. पुढचं सगळं माहीत असून म्हणालीस की नुसत्या संतापाने, मला ठाऊक नाही. ये आणि पुन्हा एकदा म्हण, हवं तर ओरडून म्हण. आणि आता म्हणवत नसेल, तर तसं त्यांच्यासमोर बसून सांग. आम्हाला दोन्ही जमत नाही. बाबा रोज सकाळी तेच विचारतात. अक्षरं आता दारातूनही स्वच्छ वाचता येतात, आणि मी आणि आई पडद्याकडे पाठ करून जेवायला बसतो.

तुझाच,
कोहेइ