दोन दातांची चौकशी

३ फेब्रुवारी

चिमे,

तुझ्या घरातल्या लहानांना आशीर्वाद, सासूबाईंना नमस्कार, आणि तुझ्या त्या खोकल्याला एकदाचा निरोप. इकडे आम्ही मजेत. म्हणजे मी मजेत, आणि तुझे भाऊजी नेहमीसारखे कुंड्यांना पाणी घालण्यात गर्क.

परवा फोनवर तू विचारलंस दातांचं काय झालं, आणि मी "मग सांगते" म्हणून टाळलं, कारण हे शेजारीच कान टवकारून बसले होते. म्हणून पत्र लिहितेय.

तर ऐक. जिन्यात पडले तेव्हा वरचे पुढचे दोन दात गेले. हिरडी भरता भरता किती दिवस गेले ते तू पाहिलंसच. आता ती भरली, पण तोंडात एक खिडकी कायमची उघडी राहिली. 'स' म्हणायला गेले की शीळ वाजते. कारखान्यात शर्टाची उसवलेली शिलाई दाखवून एखादीला झापायला जावं आणि तोंडातून शिट्टी यावी! पोरी समोर गंभीर चेहरे करून उभ्या राहतात, आणि मी पाठ फिरवली की फिदीफिदी हसतात. इतक्या वर्षांत कमावलेला दरारा गेला की गं धुळीला.

शेवटी लेकीने एक दातांची डॉक्टर शोधून काढली. दवाखाना चकाचक. भिंतीवर नुसते हसणाऱ्या माणसांचे फोटो, एकाचाही दात वाकडा नाही. मला तिथेच शंका आली. डॉक्टरीण पोरसवदा, गोड बोलणारी. म्हणाली, "काकू, इम्प्लांट करू या. हाडात एक बारीक स्क्रू बसवायचा, तो हाडाशी एकजीव झाला की त्यावर दात. अगदी स्वतःचाच वाटेल."

"आणि नाही झाला एकजीव तर?"

"क्वचितच होतं तसं."

क्वचित म्हणजे कुणाला, हे मात्र सांगेना. माझी सवय तुला ठाऊक आहे. कपडा हातात आला की मी आधी उलटा करून शिवण बघते, वरून काय सगळेच छान दिसतात. मी विचारलं, दुसरं काय करता येतं? तर म्हणाली, शेजारचे दात घासून त्यांच्या आधाराने पूल बसवता येतो, नाहीतर रोज काढायची-घालायची कवळी. पण हे सांगताना तिचा चेहरा असा, की जणू मी साडीच्या दुकानात जाऊन फडकं मागितलं.

मग तिने प्रश्नांची फैर झाडली. साखर आहे का, बीपी आहे का, सिगारेट-तंबाखू? तंबाखूला मी असे डोळे वटारले की ती पुढच्या प्रश्नावर गेली. ऑपरेशन वगैरे? छातीची गाठ काढली होती, ते यांनीच सांगून टाकलं. "आता सगळं स्वच्छ आहे," म्हणाले. आणि थोड्या वेळाने कुणी विचारलेलं नसताना पुन्हा म्हणाले, "एकदम स्वच्छ."

"औषधं कुठली चालू?"

तेव्हा माझ्या तोंडात तिचा आरसा. मी आ वासून. हे पटकन म्हणाले, "काही नाही. जीवनसत्त्वाच्या गोळ्या, बस."

मी "अं अं" केलं, पण तोंडात आरसा असलेल्या बाईचं कोण ऐकतंय? कारण नुसत्या गोळ्या नाहीत, दर महिन्याला मला ते हाडांचं इंजेक्शनही असतं ना! कंबर धरली तेव्हापासून हेच मला घेऊन जातात. वयाने हाडं विरविरीत झालीत, म्हणतात. फाइल यांच्या पिशवीत, पिशवी यांच्या खांद्याला. घरी आल्यावर मी म्हटलं, "अहो, इंजेक्शनचं सांगायचं राहिलं."

"त्याचा नि दातांचा काय संबंध?" म्हणाले, आणि सकाळी घातलेलं पाणी पुन्हा कुंड्यांना घालायला गेले.

माझा संशय सांगू? यांना खर्च नकोय. बायको हसली काय नि न हसली काय, यांना काय फरक पडतो! आणि डॉक्टरणीवरही माझा विश्वास नाही. तुला काय वाटतं ते कळव. स्पष्ट लिही, तुझ्या त्या भिडस्त पद्धतीने नको.

तुझी ताई


१९ फेब्रुवारी

चिमे,

पत्र मिळालं. वाचून मी चष्मा पुसला आणि परत वाचलं. "भाऊजी म्हणतील तसं कर." हे तू लिहिलंस? तू? माझ्या लग्नात यांच्या बुटांत चिखल भरणारी तू, आजवर एकदा तरी यांची बाजू घेतली आहेस का? तुझी तब्येत ठीक आहे ना?

इकडे नवीनच तमाशा. दवाखान्यातून फोन आला. तीच गोडबोली म्हणाली, "काकू, तुमच्यासाठी इम्प्लांट योग्य नाही. आपण साधी कवळी करू."

मागच्या खेपेला स्क्रूची आरती ओवाळत होती, आता एकदम कवळी! मी विचारलं का, तर म्हणे, "भेटल्यावर बोलू." आणि घाईघाईत, "तुमचे मिस्टर येऊन गेले ना, त्यांच्याशी झालंय माझं बोलणं."

मिस्टर येऊन गेले! मला न सांगता! जबडा माझा, हिरडी माझी, आणि बैठक यांची.

संध्याकाळी मी यांना धारेवर धरलं. म्हटलं, "चोरून जाऊन डॉक्टरला फितवलंत. बायकोच्या तोंडावर काटकसर करताय." आणखीही बरंच बोलले, ते लिहीत नाही. एरवी हे एकाला दोन ऐकवतात. या वेळी हातातला टॉवेल नुसता पिळत बसले. मग म्हणाले, "तुला सोन्याचे दात करून देतो. पण हाडाला कुणाला हात लावू देऊ नकोस."

आणि चिमे, हे रडले गं. मी लग्न झाल्यापासून यांना एकदाच रडताना पाहिलंय, सासूबाई गेल्या तेव्हा. दोन दातांवरून माणूस रडतो का?

दुसऱ्या दिवशी लेक आली, न बोलावता. येताना मला मऊसूत शाल. मी भांडणाचं सांगितलं तर म्हणते, "बाबांचं ऐक ना आई." ही माझी लेक, जी बापाशी टीव्हीच्या रिमोटवरून अबोला धरते! रात्री जाताना तिने मला मिठी मारली आणि सोडेचना. मीच म्हटलं, "अगं, जीव घुसमटतोय."

सगळे माझ्याशी गोड वागायला लागलेत. मला घाम फुटतो. कारखान्यातही एखादी पोर कारण नसताना "बाई, चहा आणू?" म्हणाली, की मी आधी तिच्या टेबलाखालचा गठ्ठा तपासते, आणि हमखास काहीतरी फाटलेलं निघतं.

तू तरी गोड लिहू नकोस.

ताई


२७ फेब्रुवारी

चिमे,

काल अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि एकटी दवाखान्यात गेले. यांना सांगितलं, आज तपासणीचं काम आहे. खोटं नाही बोलले.

डॉक्टरीण मला पाहून जरा दचकली. मी खुर्चीत आडवी व्हायचं नाकारलं. म्हटलं, "आज तोंड तुमच्यासाठी उघडायचं नाही, बोलायला उघडायचंय. आधी हो म्हणालात, मग नाही. काय बदललं?"

ती म्हणाली, "काकू, तुमच्या मिस्टरांनी इंजेक्शनचं सांगितलं ते बरं झालं. ते चालू असताना आम्ही जबड्याच्या हाडाला भोक पाडत नाही. जखम भरत नाही कधी कधी, हाडाचा तेवढा भाग मरतो. फार वाईट अवस्था होते ती. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं हो. मी करून बसले असते."

मी म्हटलं, "हाडं ठिसूळ असलेल्या एवढ्या बायका आहेत. माझी नणंद तेच इंजेक्शन घेते आणि तिने बसवलेत की स्क्रू."

"त्यांना सहा महिन्यांनी देत असतील. त्यात विचार करता येतो. तुमचं दर महिन्याला आहे, काकू. डोस वेगळा, कारण वेगळं."

"कारण काय?"

चिमे, तिचा चेहरा उतरला. हातमोजे घातले होते ते तिने काढले. म्हणाली, "तुम्हाला सांगितलं नाहीये?"

मी नाही म्हणून मान हलवली. मग ती म्हणाली, "मी दातांची डॉक्टर आहे. हे तुम्हाला इंजेक्शन देणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनी सांगायला हवं. पण तुम्ही फाइल मागून घ्या. तुमचा हक्क आहे तो." तिने मला पाणी दिलं, आणि बाहेर माणसं खोळंबली होती तरी माझ्याशेजारी बसून राहिली. तिच्यावर संशय घेतला याची लाज वाटली.

छातीतली ती गाठ परत आलीय ना? हाडांत आलीय. कंबर वयाने दुखत नाहीये.

आणि तुला माहीत होतं. तू नाही म्हणू नकोस, तुझं ते पत्र माझ्या समोर आहे. भाऊजींचं ऐक म्हणालीस. तुम्ही सगळ्यांनी बसून ठरवलंत, मला झेपणार नाही म्हणून. यांनी तर मला कळू नये म्हणून डॉक्टरलाही खोटं सांगितलं, आणि मग ती खरंच भोक पाडेल या भीतीने धावत जाऊन खरं सांगितलं. अरे, मला विचारायचं होतं एकदा! मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, आणि माझ्याच अंगात काय चाललंय ते मला दाताच्या खुर्चीत कळावं?

राग आलाय. खूप आलाय. यांना मी कंजूष म्हटलं, आणि हा माणूस एकटा कुंड्यांपाशी उभा राहून काय गिळत होता कोण जाणे, त्याचंही वाईट वाटतंय. आणि भीती वाटतेय, चिमे. काल घरी येताना बसमध्ये माझा थांबा गेला तरी मी उतरले नाही.

दातांचं मी ठरवलं. पूल नको, चांगले शेजारी दात घासायचे कशाला? कवळीच करतेय. रात्री काढून ठेवायची, सकाळी लावायची. शेवटी तोंड उघडून माप देऊनच आले. ते मी एकटीने ठरवलं आणि मला बरं वाटलं.

आता उरलेलं. मंगळवारी सकाळी मी मोठ्या डॉक्टरांकडे जाणार आहे. किती पसरलंय, काय करता येईल, किती दिवस, सगळं मी माझ्या तोंडाने विचारणार आहे. यांना आज रात्री सांगते. ते आले तर बाहेर बाकावर बसतील. आत माझ्याबरोबर तू हवी आहेस, कारण मधेच माझं धैर्य गेलं तर प्रश्न कुणीतरी पुरा करायला हवा. पण "ताई, काही होणार नाही गं," असलं बोलायचं असेल तर गाडीत बसू नकोस. आणि नाही आलीस तरी मी आत जाणार आहे.

जिच्यापासून तुम्ही सगळ्यांनी लपवलंत ती,
तुझी ताई