लेखकांच्या यादीतलं दुकान

प्रिय ठमे,

फोन असताना पत्र कशाला, म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोन स्पीकरवर असतो आणि बाबा त्याला चिकटलेले असतात. मला जे सांगायचंय ते त्यांच्या कानावर पडून चालणार नाही. आत्ता ते आंघोळीला गेलेत.

परवा तू चांगलीच फणफणत होतीस. ‘आवर्जून वाचावेत असे ब्लॉग’ या यादीत तुझा ब्लॉग आला, पण उद्योजकांसाठीच्या भागात नाही, लेखकांसाठीच्या भागात. छोट्या दुकानदारांना धंद्याचे धडे देणारा ब्लॉग तिथे कसा घुसला, यादी करणाऱ्याने तो वाचला तरी होता का, असं काय काय बोललीस. बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मी भाजी निवडत होते, मान वर केली नाही. तुला वाटलं असेल, आईला यातलं काही कळत नाही. कळतं गं. तुझा प्रत्येक लेख मी वाचते, आणि खालच्या धड्यापेक्षा वरची गोष्ट मला जास्त आवडते, हेही आज सांगून टाकते.

तू ब्लॉग सुरू केलास तेव्हा बाबांचं फ्रेमचं दुकान जोरात होतं. दर रविवारी ते फोनवर तुला एका गिऱ्हाइकाचा किस्सा सांगायचे आणि तू त्याखाली धडा लिहायचीस. लग्नाचा फोटो मधोमध कापून आपला अर्धा फ्रेमला देणारा तो चिडका सुतार आठवतो? आणि उरलेला अर्धा घेऊन आलेली त्याची बायको? ती दोघं अगदी खरी होती, माझ्यासमोर दुकानात भांडली होती.

मग बाबांचे हात थरथरायला लागले. काच कापायची हिरकणी रेघ सोडून जायची. एकदा तळहातच चिरला. तुला आम्ही जरासं खरचटलंय म्हणून सांगितलं, पण टाके पडले होते. त्यानंतर त्यांनी काचेला हात लावला नाही, आणि गेल्या थंडीत दुकान देऊन टाकलं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.

त्या रविवारी मला वाटलं, दुकान दिल्याचं तुला आज सांगतील. पण तू ब्लॉगच्या भरवशावर नुकतीच नोकरी सोडली होतीस. बाबांनी घसा साफ केला आणि तुला एक नवंकोरं गिऱ्हाईक सांगितलं. मी मूग गिळून बसले. फोन ठेवल्यावर ते माझ्याकडे असे काही बघायला लागले की रागवायचं राहूनच गेलं. पुढे तो त्यांचा उद्योगच झाला. आठवडाभर खिडकीत बसून ओठ हलवत राहायचे. मी चहा दिला की विचारायचे, हा माणूस शिंपी बरा की पोस्टमन? मी शिंपी म्हणायचे. तेव्हा यादीवाल्याचं काही चुकलेलं नाही. थंडीपासूनची तुझी सगळी गिऱ्हाइकं आपल्या खिडकीतली आहेत. यात तुझं नाव खराब होईल, याची मला काळजी वाटते. चिडायचं तेवढं माझ्यावर चिड, आणि वाचकांना काय सांगायचं ते तू ठरव.

पण पत्र त्यासाठी नाही. निळ्या छत्रीच्या बाई तुला आठवत असतील. मुलाने लहानपणी काढलेलं चित्र त्यांनी फ्रेमला दिलं होतं, त्यातल्या घराला दारच नव्हतं. येऊन नेते म्हणाल्या आणि आल्याच नाहीत. पुढे काय झालं, म्हणून वाचकांनी तुला भंडावून सोडलं. बाबा खूश होते, शेवट त्यांनी मुद्दाम लांबवला होता.

तो शेवट आता त्यांना आठवत नाही. बाई आपणच रचल्या, हेही आठवत नाही. सकाळी भांग पाडतात, कपाटाची किल्ली दुकानाची समजून खिशात टाकतात आणि दाराशी स्टुलावर बसतात. बाई येतील, दुकान बंद बघून परत जातील, या धास्तीने त्यांचा जीव खालीवर होतो. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. रविवारी फोनवर तुझ्याशी ते कसेबसे सावरून बोलतात. परवा हसले, ते तुझ्या चिडण्याला. यादीवाल्याने लेखक म्हटलं ते आपल्याला, हे त्यांना समजलंच नाही. मला फार वाईट वाटलं गं.

अशी कुणी बाई नाही, हे मी एकदा सांगून पाहिलं. तर ते रडले. बाईंचं चित्र तू टाकून दिलंस का, असं मलाच विचारायला लागले. माझं आता त्यांना खरं वाटत नाही. तुझा ब्लॉग मात्र अक्षरं मोठी करून रोज वाचतात, आणि त्यात आलं ते घडलं, असं धरून चालतात. म्हणून हे पत्र. या आठवड्यात लिही, की त्या बाई आल्या. छत्री कोपऱ्यात टेकवली, फ्रेम उजेडात धरून बघितली, काम त्यांना आवडलं, आणि चित्र जपून घरी घेऊन गेल्या. एवढंच लिही. खाली धडा घालू नकोस.

नळ बंद झाला. थांबते.

तुझीच,
आई