गुरुवारची चूल

गुरुवार, १७ जानेवारी १९७४

शेवटचं घर झालं एकदाचं. चार गुरुवार, चाळीस चुली. तळहातांना कुसळं. सकाळी सरपण ताणकाट्याला अडकवून मोजायचं, संध्याकाळी उरलेलं मोजायचं, वजाबाकी फॉर्मात. रॉकेलसाठी बाटलीवर पट्टी चिकटवलेली.

विद्यापीठाच्या कागदावर प्रकल्पाचं नाव दीड ओळीचं आहे. ऊर्जा, इष्टतमीकरण, ग्राहक-वर्तन. म्हणजे इंजिनिअरिंगवाले नवी शेगडी करणार, गणितवाले कमीत कमी इंधनाचं समीकरण मांडणार आणि बायका चुलीपुढे कशा वागतात ते मी बघणार. विभाग तीन, काटा वाहणारी मी एकटी.

गुरुवार निवडला हे मात्र माझं डोकं. पहिल्यांदा सोमवारी गेले तर निम्म्या दारांना कुलपं, बायका मागांवर कांड्या भरायला गेलेल्या. गुरुवारी वस्तीला विजेची सुट्टी. माग बंद, घरं भरलेली. एक फॉर्म कोरा नाही.

दुपारी नागव्वाकडे चहा. वळसंगची बाई, वस्तीत तिचा शब्द चालतो. तिने सांगितलं म्हणून बाकीच्यांनी मला चुलीपर्यंत येऊ दिलं. तिच्याकडे भाकऱ्यांची ही एवढी चवड. पाहुणे येणार का विचारलं तर जमलेल्या सगळ्या हसल्या. कशाला, कळलं नाही.

रविवार, २० जाने.

दिवसभर आकडेमोडीच्या यंत्राचं हँडल फिरवलं. खांदा गेला. एका दिवसाचं सरपण गुणिले सात, म्हणजे आठवड्याचं. आकडे फार मोठे येताहेत. दोनदा तपासले. गुणाकार बरोबर आहे.

शेऱ्यात लिहिलं: 'या वस्तीतील गृहिणींना इंधनाच्या काटकसरीची जाणीव दिसत नाही. गरजेपेक्षा अधिक अन्न शिजवण्याची सवय आहे.' वाक्य चांगलं जमलं. दोनदा मोठ्याने वाचलं. आई आतून म्हणाली, कुणाला रागावतेयस?

मंगळ., ५ फेब्रु.

विद्यापीठातल्या सरांचं पत्र, प्रकल्प त्यांचाच. निबंध टाइप झाला, माझं नाव पहिलं. पहिलं! बारा वर्षं दुसऱ्यांचे तक्ते भरले, आता छत्तिसाव्या वर्षी हे. कॉलेजात तीन जणींना तरी सांगितलं, त्यातल्या दोघींनी विचारलं नव्हतं.

शिवाय सरांनी आकडे आधीच पुरवठा कार्यालयाला दिले होते. इंधनाची एवढी गरज असेल तर वस्तीला रॉकेल वाढवून द्यायला हवं असं तिथे ठरलं. एरवी वर्षभर न हलणारा कागद टंचाईत पंधरवड्यात हलला. नव्या गल्लीत रॉकेलचं दुसरं दुकान उघडलंसुद्धा. आता बायकांना पहाटेपासून डबे ओळीत लावून बसायला नको. माझ्या काट्यामुळे! आईला पेढे आणले.

सोम., ११ फेब्रु.

लिहायची इच्छा नाही, पण लिहिते.

ताणकाटा नागव्वाकडेच विसरला होता. इंजिनिअरिंगवाल्यांना मार्चमध्ये परत द्यायचा म्हणून संध्याकाळी आणायला गेले. ती नुकती मागावरून आलेली. काटा खुंटीला. चूल पोतेऱ्याने सारवलेली, थंड. बाजूला स्टोव्हवर पातेल्यात आमटी, तेवढीच. मी सहज म्हटलं, अजून चूल पेटवली नाही?

"चूल आज कशाला? गुरवारच्या भाकरी हायत की."

डब्याचं झाकण काढून दाखवलं. कडक भाकऱ्या, पापडासारख्या. पातळ थापायच्या, भाजायच्या आणि उतरत्या आचेला चुलीच्या कडेने उभ्या करून वाळवायच्या. आठवडाभर जातात. आमटीत चुरून खायच्या. माग चालू असताना चुलीपुढे बसायला वेळ कुणाला? गुरुवारी सुट्टी म्हणून गुरुवारी चूल. चाळीसही घरांत.

म्हणून हसल्या होत्या.

मंगळ., १२ फेब्रु.

झोप नाही. आठवड्याची भट्टी मोजली आणि तिला साताने गुणलं. मी, संख्याशास्त्र शिकवणारी. वर्गात पोरींना सांगते, नमुना निवडताना सोय बघू नका.

आणि बाई असून! आमच्याकडे रोज पोळ्या, त्याही आई करते. मी फक्त ताटावर बसते. चुलीपुढच्या वर्तनाचा अभ्यास म्हणे.

गणितवाले जे समीकरण अजून सोडवताहेत ते या बायकांनी कधीच सोडवलंय. एकदा तापलेल्या चुलीवर आठवड्याचं काम. त्यांना मी उधळ्या ठरवलं.

गुरु., १४ फेब्रु.

नागव्वाकडे गेले. चूल धडधडत होती. समोर बसून सगळं सांगितलं, लपवलं नाही. आकडे चुकलेत. दुरुस्त केले तर तुम्ही काटकसरी ठराल, पण मग गरज कमी दिसेल आणि दुसरं दुकान जाईल. नाही केले तर दुकान राहील, पण कागदावर तुम्ही उधळ्या.

तिने भाकरी उलटली. थापता थापताच बोलली.

"म्हना की उधळ्या. बोलल्यानं अंगाला भोकं पडत न्हाईत. रॉकेल ऱ्हाऊ द्या."

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं. निबंध वाचला, माझं नाव वाचलं, आणि वर त्यांचंच भलं. वस्तीच्या कोपऱ्यापर्यंत ते टिकलं. पुढे नाही.

रवि., १७ फेब्रु.

आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "त्यांच्या घरात चार गुरुवार बसलीस. एकदा तरी जेवलीस का तिथे?"

नाही. चहा घेतला.

सरांना पत्र टाकलं. चूक कशी झाली ते सगळं.

शनि., २३ फेब्रु.

सरांचं उत्तर, आठ ओळी. निबंध छापायला गेला आहे. क्षेत्रीय अभ्यासात थोडंफार इकडेतिकडे होतंच. एवढं मनावर घेऊ नका, १ मार्चच्या चर्चासत्रात छान वाचा. सर वाईट माणूस नाहीत, म्हणून जास्त राग आला.

त्यात आज इथल्या एका वर्तमानपत्रात बातमी. निबंधाची प्रत त्यांना कुणी दिली देव जाणे. मथळा, 'मागवाल्यांच्या वस्तीत सरपणाची उधळपट्टी'. खाली माझं वाक्य, जसंच्या तसं. छापल्यावर ते चांगलं वाटत नाही.

वस्तीत वाचून दाखवणारे आहेतच.

मंगळ., २६ फेब्रु.

सकाळी नागव्वाचा निरोप कॉलेजात. संध्याकाळी या, काटा घेऊन या.

गेले. ती गल्लीच्या तोंडाशी उभी. ये नाही, बस नाही. चहाचं नाव नाही. पुढे ती, मागे मी. प्रत्येक दारात एकच वाक्य, "चूल दाखवा बाईला." एकीने राख उकरून दाखवली, थंड. एकीने सरपणाची मोळी पुढे केली, गुरुवारी बांधली तशीच. एक तेलुगू म्हातारी मला काहीतरी बोलली. नागव्वाने अर्थ सांगितला नाही आणि मी विचारला नाही. चाळीस घरं हिंडायला दिवेलागण उलटली.

शेवटी तिचं घर. तिने माझ्या हातातला काटा घेतला, रिकामाच उंच धरला. काटा शून्यावर.

"लिवा."

मी म्हटलं, नागव्वा, तुम्हीच म्हणालात ना, रॉकेल राहू द्या.

"म्हनले व्हते. तवा कागदात हुतं. आता लोक तोंडावर बोलाय लागल्यात. माजी सून मागावर गेली तर मुकादम हसला तिला." मग काटा खाली घेत, "आमी काटकीसुदिक मोजून लावताव, बाई."

लिहिलं. चाळीस ओळी, बहुतेक शून्य. अक्षर वाईट आलंय.

मग दुकानाचं काय, विचारलं. तिने काट्याची दोरी गुंडाळली, तो माझ्या पिशवीत घातला. वर चार कडक भाकऱ्या फडक्यात बांधून ठेवल्या.

"ते तुमी ठरवा. शिकल्यात की तुमी."

बुध., २७ फेब्रु.

उद्या सकाळची एस.टी. परवा चर्चासत्र. पिशवीत दोन कागद. एक टाइप केलेला, माझं नाव वर. दुसरा कालचा, शाईचे डाग पडलेला. आईने दोन्ही बघितले. भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला, म्हणाली, अजून कुरकुरीत आहे.

मंगळवारचे आकडे वाचले तर निबंध तिथेच संपतो. सर समोर बसलेले असतील. पुरवठा कार्यालयाचा माणूसही येणार आहे म्हणे, तो तर लिहूनच घेईल. रोज पहाटे डबा घेऊन रांगेत मी उभी राहत नाही. माझं फक्त नाव जाईल. त्यांचं रॉकेल.

आणि नाही वाचले तर?

संध्याकाळी मुद्दाम नव्या दुकानावरून आले. रांग नव्हतीच म्हणायची. नागव्वाची सून आली, दहा मिनिटांत डबा भरून निघाली. मला बघून थांबली. "आत्यानं इचारलंय, बाईंनी नीट लिवलं का म्हनून."

लिहिलं, म्हटलं.

मान हलवून ती गेली. वाचणार का, हे तिने विचारलं नाही.