हवेत फिरणारे चाक

जालना, १४ मे १९३८

प्रिय भुजंगदादा,

बाबांचे पत्र तुला माझ्याआधी मिळाले असेल. स्थळ मोडल्याचा दोष त्यात माझ्या जिभेला दिलेला असणार. शाळेत पहिली येऊनही बक्षीस घेताना जी टाळूला चिकटली, तिच्यावर असा आरोप यावा याचे मला थोडे कौतुकच वाटते. तेव्हा तिची बाजूही ऐक.

अंबडचे बद्रीनाथराव मला पाहायला स्वतःच्या सायकलवरून आले. कचेरीत कारकून आहेत. बोलणे मात्र असे, की सायकलचा शोध त्यांच्याच घराण्यात लागला असावा. माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिले, उरलेला वेळ सायकलकडे. ओसरीसमोर पुढचे चाक उचलून त्यांनी ते फिरवून दाखवले. चाक फिरतच राहिले. बाबांनी मान डोलावली, दाराआडून आईनेही. चाकाच्या आसाभोवती फिरणारे पोलादी छर्रे विलायती घातले तर विडा चघळून होईपर्यंत ते थांबणार नाही, असे पाहुण्यांनी सांगितले आणि त्याच बैठकीत हुंड्यात विलायती छर्रे घातले गेले; दोन्ही चाकांचे, शिवाय पायडलांचेही. त्यासाठी बाबांनी तुला हैदराबादला पाठवलेले पैसे माझ्या औरंगाबादच्या शाळेसाठी ठेवलेले होते, हे त्यांनी तुला कळवले नसेल.

दादा, उचललेल्या चाकावर बसून कोणी अंबडला जात नाही. माणूस बसला की खरा अडथळा असतो तो मऊ पडलेल्या टायरचा, मुरमाचा आणि समोरच्या वाऱ्याचा. छर्रे गुळगुळीत असले, ग्रीसमध्ये नीट बसले असले, की साधे कोणते नि विलायती कोणते हे ओळखण्याइतके कोणाचेही पाय विद्वान नसतात. सुट्टीत तू अंगणात गोणपाट अंथरून चाक उघडायचास, मी परातीत छर्रे सांभाळायची. हे मला तेव्हापासून ठाऊक आहे. म्हणूनच पानसुपारीचे तबक नेताना त्या चाकाला येणारा घासलेटाचा वास मला ओळखू आला. चाक जास्त वेळ फिरावे म्हणून या गृहस्थांनी सगळे ग्रीस धुऊन काढले होते. नवरीला हळद लावतात, तसे चाकाला घासलेट.

तरीही मी तबक ठेवून आत गेले. परतीच्या वाटेवर कोरड्या छर्ऱ्यांत शिरून धुळीने आपले काम केले. आठ दिवसांनी सायकल बैलगाडीत घालून बद्रीनाथराव पुन्हा आपल्या दारात उभे. बाबांना म्हणाले, "देशी माल असाच असतो. विलायती असते तर चाक बिलकुल अडकलं नसतं. तुम्ही छर्रे जल्दी मागवा." मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते.

"ग्रीस धुऊन आल्तात तुम्ही," मी म्हणाले. "विलायती छर्रेही असेच वाया गेले असते."

त्यांनी दुसऱ्यांदा माझ्याकडे पाहिले. मग टोपी घातली. "पोरगी लई शिकली," एवढेच बाबांना सांगून, पाणी न पिता ते गाडीत चढले. इतक्या स्वस्तात मला आजवर कोणीही प्रशस्तिपत्र दिलेले नाही.

हे मी स्वतःच्या समर्थनासाठी लिहीत नाही. बाबा आता दुसऱ्या स्थळाच्या शोधात आहेत, आणि त्या स्थळालाही काहीतरी फिरवून दाखवायचे असेलच. छर्रे घेतले नसशील तर घेऊ नकोस. घेतले असशील तर परत कर. पैसे मात्र इकडे धाडू नकोस, औरंगाबादच्या शाळेत भर. दुकानदार ऐकत नसेल तर ते छर्रे तुझ्याच सायकलला बसव, भरपूर ग्रीस घालून. आणि माझी फी कशी भरायची ते आपण दोघे पाहू. बाबांशी मात्र तूच बोल. माझे वर्षभराचे बोलणे त्या एका वाक्यात खर्ची पडले आहे.

तुझीच, परात सांभाळणारी,
सगुणा